सुरतची सुई

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते. देवपूरला आमच्या घरी सगळे म्हणायचे, कमल नर्स झाली तर पेशंट भीतीनंच बरे होतील. पण खैरवाड्याच्या बाजारात मी जो तमाशा केला, त्याचा मला आजपर्यंत एका क्षणाचाही पस्तावा झालेला नाही.

खैरवाडे म्हणजे पिंपळनेरच्या अलीकडे, डांबरी रस्ता सोडून आत. तिथल्या उपकेंद्रात मी नर्स होते. साल शहाण्णव. त्या गावाचा गोळीवर काडीचा विश्वास नव्हता. ताप आला, सुई. कंबर धरली, सुई. सासूशी भांडून अंग तापलं, तरी सुईच. मी हातावर गोळ्या ठेवल्या की बाया तोंड वाकडं करायच्या. "बाई, ह्या गोळ्या ऱ्हाऊ द्या. एक सुई टोची द्या ना."

मी नाही म्हटलं की त्यांचं काही अडत नव्हतं. शुक्रवारच्या बाजारात फुलचंदशेठच्या दुकानाच्या ओट्यावर गिरधर डॉक्टर खुर्ची टाकून बसलेलाच. डॉक्टर कसला! कुठल्याशा दवाखान्यात कंपाउंडर होता, तिथून पिशवी उचलून निघाला आणि आमच्या गावात पोचेपर्यंत डॉक्टर झाला. त्याच्याकडे काचेची एक सिरिंज आणि एक सुई. एकाला टोचायची, स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायची, दुसऱ्याला टोचायची. संध्याकाळपर्यंत तो बोळा काळाकुट्ट व्हायचा.

धुळ्याला आमचं ट्रेनिंग झालं, त्यात एड्सबद्दल सांगितलं. तेव्हा तो आजार आमच्यासाठी नवाच होता. संबंधातून जातो, आईकडून बाळाला जातो, रक्तातून जातो, सुईतून जातो. मॅडम फळ्यावर लिहीत होत्या आणि माझ्या डोळ्यांपुढे गिरधरचा बोळा येत होता. परत आल्याबरोबर मी त्याला ओट्यावर गाठलं आणि सुया उकळ म्हणून खडसावलं. तो दात काढून हसला. म्हणाला, "बाई, बाजार उठेपर्यंत पाणीच उकळत बसलो तर टोचू कधी?"

मग मी दुसरा मार्ग काढला. गिरधर सुधरत नाही ना, मग गाव सुधरवू. फुलचंदशेठला सांगून धुळ्याहून सिरिंजा आणि सुया मागवल्या आणि घरोघर घ्यायला लावल्या. एक घर, एक सुई. आपली सुई आपल्या डब्यात ठेवायची, टोचायच्या आधी घरून खळखळ उकळून न्यायची, गिरधरनं फक्त टोचायचं. गावानं हे इतकं आनंदानं उचललं की मीच चाट पडले. चहाच्या, तंबाखूच्या डब्यांत सुया बसल्या. तालुक्याच्या मीटिंगमध्ये साहेबांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. मीही फुगले, कशाला खोटं बोलू?

आता भिकुआक्काबद्दल सांगते. म्हणजे भिकुबाई, आमच्या उपकेंद्राच्या गल्लीतली. विधवा बाई, साठीची, आवाज असा की नदीपलीकडचा माणूस वळून बघेल. दोन म्हशी होत्या. ताक मागायला आलेल्याला तिनं कधी रिकामं पाठवलं नाही. तिचा एकुलता एक मुलगा हिलाल सुरतेला कापडाच्या मिलमध्ये होता. सून लता गावात सासूजवळ. हिलाल वर्षातून दोनदा यायचा. मी घरोघर सुया घ्यायला लावल्या, त्या दिवाळीला त्यानं आईसाठी सुरतेहून सिरिंज आणि सुई आणली. गुलाबी पावडरच्या डब्यात ठेवलेली, बारीक, छान सुई होती ती.

पुढच्या उन्हाळ्यात हिलाल परत आला तो वाळून काटकी झालेला. मी त्याला धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं रक्ताची तपासणी झाली, डॉक्टरांनी त्याला सांगितलं, आणि त्यानं माझा हात धरला. "बाई, मायले सांगू नका." अक्षय्यतृतीयेच्या आधीच तो गेला. गाव म्हणालं, टीबी. टीबीही होताच, त्यामुळे मी गप्प बसले.

मग लताला नेलं. बावीस वर्षांची पोर. तिलाही निघालं, आणि छातीत टीबीही निघाला. दवाखान्याच्या बाहेर लिंबाखाली ती बसली, रडली नाही. एवढंच विचारलं, "सासूले सांगशात?" मी म्हटलं, "तुझ्या तोंडून निघत नाही तोवर माझ्या तोंडून निघणार नाही." तिला कशाची भीती होती ते मला ठाऊक होतं. आमच्याच भागात एका गावात अशा बाईला लोकांनी गुरांच्या गोठ्यात टाकलं होतं. ताट वेगळं, पाणी वेगळं, मग पाणीसुद्धा बंद. ती एड्सनं मेली नाही, उपाशी मेली. लताला माहेर नव्हतं. सासूच्या घराबाहेर काढलं असतं तर तिला दुसरं दारच नव्हतं. म्हणून मी जिभेला गाठ मारली.

टीबीसाठी तिला एक दिवसाआड सुई द्यायची होती. मी तिच्या घरी जायचे, तीच सुरतची सुई उकळायची, टोचायची, डब्यात ठेवायची. पुढच्या वेळी परत उकळायची. घरची सुई घरातच राहते, तेव्हा काळजीचं कारण नाही, असा माझा हिशेब.

त्या शुक्रवारी सकाळी मी लताला सुई दिली, हात धुतले आणि लसीकरणाला निघून गेले. दुपारी बाजारातून परत येत होते. गिरधरच्या ओट्यावर सुकदेवची बायको मंजुळाबाई बसली होती. सात महिन्यांची गरोदर, पाय सुजलेले. बाही वर केलेली. गिरधर सिरिंजमध्ये औषध ओढत होता. त्याच्या मांडीवर गुलाबी पावडरचा डबा होता.

डबा ओळखायला मला दोनदा बघावं लागलं नाही.

"थांब!" मी ओरडले. गिरधर दचकला. मी धावत ओट्यावर चढले, त्याच्या हातातून सिरिंज हिसकावली. "ही कुणाची सुई?"

मंजुळाबाई गोंधळली. "भिकुआक्कानी. सुरतनी शे, दुखस नही. बठ्ठा लेतस ना बाई."

"सगळे घेतात?"

"हां मग! आपलीवाली टोचली का हात सुजी जास. आक्का कोणलेच नही म्हनत नही."

मग मला उलगडलं. गल्लीभर घरोघर डब्यांमध्ये माझ्या सुया गंजत पडल्या होत्या, आणि ही एकच सुई विरजणासारखी या घरातून त्या घरात फिरत होती. न्यायची, टोचून घ्यायची, कोमट पाण्यात हलवायची आणि पदराला पुसून आक्काला परत द्यायची. शेजारधर्म! ताक देतो, चटणी देतो, तशी सुई. आक्काला वाटे आपण पुण्य करतोय. अरे देवा! सकाळी माझ्याच हातानं लताच्या दंडात गेलेली सुई दुपारी मंजुळाबाईच्या दंडापासून वीतभर लांब होती.

मी ती सिरिंज ओट्याच्या दगडावर आपटली. काचेचे तुकडे झाले. सुई वाकवून चपलेखाली चिरडली. बाजार थांबला. गिरधर म्हणाला, "बाई, डोकं फिरलं का तुमचं?" मी म्हटलं, "फिरलंय! आणि परत अशी न उकळलेली सुई तुझ्या हातात दिसली, तर तुझंही फिरवीन."

तेवढ्यात भिकुआक्का आली. तिनं तुकडे बघितले आणि तिचा चेहरा उतरला. तिच्यासाठी ती साधी सुई नव्हती, मेलेल्या पोरानं हातानं आणून दिलेली वस्तू होती. "बाई, मना हिलालनी सुई फोडी तुम्ही? कसाले? काय वाकडं करं व्हतं तिनी?" माझ्याकडे उत्तर होतं आणि ते देता येत नव्हतं. मी मान खाली घालून उपकेंद्रात निघून गेले. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नाही.

संध्याकाळी उन्हं उतरायच्या वेळी सरपंच चुडामण आबांनी मला मारुतीच्या पारावर बोलावलं. अर्धा गाव जमला होता. बाया एका बाजूला, माणसं दुसऱ्या बाजूला. आबा शांत माणूस, पण त्या दिवशी त्यांचाही आवाज चढला होता.

"बाई, तुम्ही भिकुबाईनी सुई काबर फोडी?"

"आबा, एकाची सुई दुसऱ्याला टोचायची नाही, हे मी घसा कोरडा करून सांगितलं होतं. सगळ्यांनी आपापल्या सुया उद्या माझ्याकडे आणून द्या. पुढच्या शुक्रवारपासून मी गिरधरच्या शेजारी स्टोव्ह पेटवून बसणार. प्रत्येक सुई माझ्यासमोर उकळेल, मग टोचली जाईल. आणि ज्यांनी ज्यांनी ही सुई घेतली, त्यांनी उद्या सकाळी माझ्याबरोबर धुळ्याला चला. रक्त तपासायचं आहे."

"रगत? कसानं रगत?"

काय सांगू? नाव घेतलं तर लता संपली. नाही घेतलं तर रक्त तपासायला कुत्रंसुद्धा येणार नाही. मंजुळाबाईच्या पोटातलं बाळ माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं, आणि लिंबाखाली बसलेली लताही हलत नव्हती. मी म्हटलं, "सुईतून आजार जातात. एवढं पुरे नाही का?"

"बठ्ठास्न्या सुया सोडी भिकुबाईनीच का फोडी?" मागून कुणीतरी विचारलं. मग दुसरा म्हणाला, "अरे, हिलाल कसावरी मरना ते इचारा ना!" कुजबुज सुरू झाली. सुरत, मिल, वाळलेला हिलाल, बारीक होत चाललेली सून. गावाला हिशेब जमायला किती वेळ लागतो? सुकदेव उठून उभा राहिला. "बाई, मन्या बायकोले काय टोचं ते सरळ सांगा."

मी तोंड उघडलं. काय बोलणार होते ते मला स्वतःलाच ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात बायांमधून लता उठली. डोक्यावरचा पदर सारखा केला. तिचा आवाज बारीक होता, पण पारावर सगळ्यांना ऐकू गेला.

"बाईसले बोलू नका. ती सुई सकायले माले टोची व्हती. माले एडस शे. त्यासले बी तोच व्हता. मी घरमा नुसती पडेल ऱ्हाती, सुई गल्लीमा फिरस हाई माले ठाऊक नव्हतं. ज्यास्नी लिधी त्यास्नी रगत तपासी ल्या. मन्यामुये कोनी मरू नये."

तिच्या शेजारच्या बाया अशा सरकल्या की ती एकटीच उभी राहिली. मला रडू कोसळलं. कुणीतरी ओरडलं, गावाबाहेर काढा. दुसरं म्हणालं, हिला विहिरीवर येऊ देऊ नका. मी किंचाळले, "पाण्यानं होत नाही! ताटानं होत नाही! शेजारी बसून होत नाही! ऐकताय का?" पण ऐकतंय कोण! सुकदेव चार पावलं पुढे आला होता. आबा हात वर करून थांबा थांबा म्हणत होते, पण तेही लताकडे न बघता.

भिकुआक्का पाराच्या पायरीवर बसली होती. आपला मुलगा कशानं मेला हे तिला त्या क्षणी, भर गावात, सुनेच्या तोंडून कळलं होतं. ती गुडघ्यावर हात टेकून सावकाश उठली. मला वाटलं, आता हीच पोरीच्या झिंज्या धरते.

ती सुकदेवच्या समोर जाऊन उभी राहिली.

"ऱ्हाय रे सुकदेव. सुई मना पोऱ्यानी आनी. हाई दुखनं बी मना पोऱ्यानीच आनं. हाई पोर मना घरमा वनी तवय धडधाकट व्हती. ईनी काय आनं? सांग ना माले, ईनी काय आनं?" तिचा आवाज फाटला. "मना पोऱ्या ते गया. आते त्याना पाप ईना माथे मारतस का? ईले काढशात ते माले बी काढा. मन्या म्हशी बी काढा. मंग ताक मांगाले कोना दारशी जाशात ते दखस मी."

सुकदेव जागच्या जागी उभा राहिला. आक्का लताजवळ गेली आणि तिचा दंड धरून तिला आपल्या शेजारी पायरीवर बसवलं. बस, एवढंच केलं. पण त्या दंडाला हात लावणारं त्या क्षणी गावात दुसरं कुणी नव्हतं.

मी डोळे पुसले आणि कामाला लागले. "हं, आता सांगा. ही सुई कुणी कुणी घेतली? उद्या पहिल्या एसटीनं धुळ्याला जायचं. तीन महिन्यांनी परत एकदा तपासायचं. बहुतेकांना काही निघणार नाही, पण तपासलंच पाहिजे."

सकाळपर्यंत ज्या बाया सुरतच्या सुईचं कौतुक करत होत्या, त्या आता जमिनीकडे बघत होत्या. "आम्ही नही लिधी." "माले ते ठाऊक बी नही." "आम्हना घरनी येगळी शे." अरे वा! म्हणजे ती सुई काय आपली आपण हिंडत होती? माझ्या मस्तकात अशी तिडीक गेली की एकेकीचा हात धरून पारावर उभी करावी असं वाटलं. पण त्यांचं भय मला कळत होतं. जी हो म्हणेल, तिच्यापासून उद्या शेजारीण सरकेल. आत्ताच सगळ्यांनी सरकून दाखवलं होतं.

भिकुआक्का पुन्हा बोलली. "मी लिधी. गुडघासाठे कितला येळा लिधी ते माले बी याद नही. पहिले मनं रगत काढा." मग तिनं बायांकडे एकदा नीट बघून घेतलं. सुई कुणाकुणाला दिली हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? "बाई, बठ्ठास्ना नाव माले ठाऊक शेतस. पन मी एक बी सांगाव नही. ज्यानं त्यानं उठा."

कुणाचं नाव फोडायचं नाही, हे मला धुळ्याच्या ट्रेनिंगमध्ये दोन दिवस शिकवलं होतं, ते या बाईला कुणी शिकवलं नव्हतं. तिला माणसांची लाज राखता येत होती.

मग मंजुळाबाई उठायला लागली. सुकदेवनं तिचा पदर ओढला, "बठ खाले! आज ते टोचीच नही ना तुले!"

"मांगला महिनामा टोची व्हती," ती म्हणाली. "सोड. पोटमा पोर शे मनी."

ती उठली. मागून एक म्हातारी उठली. मग खालच्या आळीतल्या दोघी जावा, एकमेकींचा हात धरून. मग माणसांतूनही उठायला लागले, खाकरत, धोतर झटकत, काहीतरी वेगळ्याच कामाला उठल्यासारखे. चुडामण आबा सगळ्यात शेवटी उठले. "मी बी," एवढंच म्हणाले, आणि त्यांनी पहिल्यांदा लताकडे बघितलं.

सकाळी फाट्यावर पिंपळनेरहून येणारी गाडी थांबली, तेव्हा आम्ही इतकी माणसं उभी होतो की कंडक्टर खालीच उतरला. नव्या लुगड्यातल्या बाया, डोक्याला टोप्या घातलेली माणसं. धुळ्याला जायचं म्हणून सगळे ठेवणीतलं घालून आले होते. लताला मी आधी चढवलं. ती खिडकीशी जाऊन बसली. तिच्या पुढचे मागचे बाक भरले, पण तिच्या बाकावर कुणी बसेना. भिकुआक्का दारातच कंडक्टरशी तिकिटांवरून वाद घालत उभी होती.

"काय आक्का," कंडक्टर हसत म्हणाला, "कोना लगीनले चालनात?"

मी पुढे होऊन काहीतरी थाप मारणार होते. भिकुआक्कानं मला बाजूला सारलं आणि तिच्या त्या नदीपलीकडे ऐकू जाणाऱ्या आवाजात सांगितलं, "लगीन नही रे भाऊ. एडस शे का नही, रगत तपासाले चालनूत बठ्ठा. तू बी चाल."

गाडीतल्या परक्या माणसांनी माना वळवल्या. कंडक्टरचं हसू गेलं, त्यानं मुकाट्यानं तिकिटं फाडायला सुरुवात केली. मंजुळाबाई कमरेवर हात ठेवून पायऱ्या चढली, सगळी गाडी एकदा बघून घेतली आणि लताच्या बाकाजवळ जाऊन उभी राहिली.

"सरक ना व माय," ती त्राग्यानं म्हणाली. "माले दोन जनसनी जागा लागस."

लता सरकली.